आधी की नंतर? हाय-गेन ट्यूब अ‍ॅम्पचा टोन आणि इफेक्ट्स लूप

हाय-गेन, म्हणजे सिग्नल आवाज फुटेपर्यंत वाढवणारा अ‍ॅम्प घेतलेल्या गिटारवादकाच्या तक्रारी ठरलेल्या असतात. खोलीत भारदस्त वाटणारा आवाज बँडमध्ये ऐकूच येत नाही. खालच्या तारांवर पाम म्यूट केलं (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं) की टणक ठोका पडायच्या जागी भसभस होते. डिले (सुराचे पडसाद देणारा इफेक्ट) लावला की सगळा राडा. मग तो बेस वाढवतो, मिड कमी करतो, गेन अजून थोडा पुढे सरकवतो, आणि संध्याकाळ संपते तरी आवाज तिथेच. नॉब कुठल्या आकड्यावर ठेवायचा याची चौकशी सगळे करतात. तो नॉब किंवा ते पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज फुटण्याच्या) आधी बसलंय की नंतर, हे फार कमी जण विचारतात. माझ्या मते आधी हेच विचारावं, कारण बाकीची बहुतेक उत्तरं त्यातून आपोआप निघतात.

आधी सिग्नलची वाट बघू. गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांचा असतो. तो अ‍ॅम्पच्या पहिल्या भागात, प्रीअ‍ॅम्पमध्ये, शिरतो. तिथे बहुतेक अ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७ या जातीच्या छोट्या ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या) असतात. या ट्यूबचा वर्धनांक १०० मानला जातो. प्रत्यक्ष सर्किटमध्ये एका टप्प्याला ५०-६० पट वाढ मिळते. असे तीन, चार, कधी पाच टप्पे एकापुढे एक जोडले की सिग्नल मावेनासा होतो आणि त्याचे माथे छाटले जातात. ही छाटणी म्हणजेच डिस्टॉर्शन. मधे कुठेतरी बेस-मिड-ट्रेबलचं सर्किट असतं, ज्याला टोन स्टॅक म्हणतात. प्रीअ‍ॅम्प संपला की इफेक्ट्स लूप (मधे इफेक्ट जोडायची जागा), मग मास्टर व्हॉल्यूम, मग पॉवर अ‍ॅम्प: फेज इन्व्हर्टर, ईएल३४ किंवा ६एल६सारख्या मोठ्या ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर.

छाटणीचा एक गुण लक्षात घेतला की पुढचं सोपं जातं. ती आत आलेल्या सुरांचे नुसते ओव्हरटोन वाढवत नाही. दोन सूर एकत्र आले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूरही तयार करते. सर्वांत खालची ई तार ८२ हर्ट्झची. तिच्यावरचा पंचम साधारण १२३ हर्ट्झचा. वजाबाकी ४१, म्हणजे त्याच ईचं खालचं सप्तक. म्हणूनच पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) डिस्टॉर्शनमध्ये इतकी जाडजूड आणि सुरेल लागते: गिटारवर नसलेला सूर अ‍ॅम्पने स्वतः घातलेला असतो. आता त्याच ईवर शुद्ध गंधार घ्या, साधारण १०४ हर्ट्झ. गिटारच्या पडद्यांवरचा पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा जेमतेम २ सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, पण गंधार जवळजवळ १४ सेंटनी चढा असतो. त्यामुळे बेरीज-वजाबाकीतून निघालेले सूर मूळ स्वरांशी जुळत नाहीत, एकमेकांना घासतात आणि कॉर्ड खरखरते. पूर्ण मेजर कॉर्ड हाय-गेनवर नीट वाजत नाही याचा दोष बोटांना देऊ नका.

म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी केलेला बदल कुठले नवे सूर जन्माला येणार हे ठरवतो. नंतर केलेला बदल जन्मलेल्या सुरांतले कुठले पुढे आणायचे, कुठले मागे ठेवायचे एवढंच ठरवू शकतो. आधी झालेला चिखल नंतरच्या ईक्यूने (वारंवारितांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) धुतला जात नाही.

याचा पहिला हिशेब बेसचा. गिटारच्या सिग्नलमध्ये खालच्या वारंवारितांत सर्वाधिक ताकद असते. त्या जशाच्या तशा छाटणीत शिरल्या तर ट्यूबची सगळी मोकळी जागा त्याच खातात. वरचे सूर त्यांच्या लाटेवर स्वार होऊन चेपले जातात, पाम म्यूटची धार जाते. भरीला जोरदार ठोक्यानंतर ट्यूबचं बायस (तिचा कामाचा ठरलेला बिंदू) क्षणभर सरकतं आणि ते जागेवर येईपर्यंत आवाज गुदमरल्यासारखा येतो. म्हणून हाय-गेनचा सर्वांत जुना आणि कामाचा नियम असा: बेस आधी कापा, नंतर भरा.

मेटल वाजवणारे आधीच बक्कळ गेन असलेल्या अ‍ॅम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमर नावाचं ओव्हरड्राइव्ह पेडल का लावतात, हे कोडं इथे सुटतं. त्यांना त्या पेडलचं डिस्टॉर्शन नकोच असतं. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मध्यावर. या पेडलच्या क्लिपिंगच्या भागातलं फिल्टर सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली वाढ कमी कमी करत नेतं. परिणामी अ‍ॅम्पच्या पहिल्या ट्यूबपाशी पोचणारा सिग्नल आधीच खालून आवळलेला आणि मधोमध फुगलेला असतो. रिफ घट्ट होतो. गेलेला बेस पॉवर अ‍ॅम्पमधून परत भरता येतो, आणि तिथे भरलेला बेस फुटत नाही. कोणी ‘एवढ्या महागड्या अ‍ॅम्पला पेडल कशाला’ म्हणून नाक मुरडलं तर मुरडू द्यावं.

आता टोन स्टॅककडे. इथे एकाची सेटिंग दुसऱ्याला का लागू पडत नाही ते दिसतं. १९८१ मध्ये आलेल्या मार्शल जेसीएम८०० च्या १०० वॉटच्या २२०३ या मॉडेलमध्ये, १९८७ च्या सोल्डानो एसएलओ-१०० मध्ये, १९९२ च्या पीव्ही ५१५० मध्ये टोन स्टॅक छाटणीचे टप्पे संपल्यावर येतो. तिथे बेस वाढवला तर तयार डिस्टॉर्शनला खालून वजन मिळतं, पोत फारसा बदलत नाही. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत मात्र हाच टोन स्टॅक पहिल्या ट्यूबनंतर लगेच, लीडच्या गेनच्या आधी बसवलेला आहे. तिथे बेस मध्यावर ठेवला तरी आवाज फसफसतो, आणि ट्रेबल वाढवला की गेनही वाढतो. म्हणून मार्क वापरणारे बेस जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि वजन आणायला पुढचा पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू वापरतात. त्याच्या पट्ट्या ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झवर असतात, आणि तो डिस्टॉर्शनच्या नंतर येतो. ‘बेस ७ वर ठेव’ हा सल्ला एका अ‍ॅम्पला सोन्यासारखा आणि दुसऱ्याची माती करणारा असू शकतो, तो यामुळे.

टोन स्टॅकबद्दलचा आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. सगळे नॉब मध्यावर म्हणजे सपाट आवाज, असं नसतं. हे सर्किट पॅसिव्ह असतं. ते काही वाढवू शकत नाही, फक्त कमी-जास्त प्रमाणात अडवतं. नॉब मध्यावर असताना मिडमध्ये, म्हणजे काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यात, चांगला खड्डा असतो. त्यातल्या त्यात सपाट सेटिंग हवी असेल तर मिड पूर्ण आणि बेस-ट्रेबल शून्य. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले असतात. ट्रेबल खूप वर असला की मिडचा नॉब फिरवून फारसा फरक जाणवत नाही. म्हणून मी आधी ट्रेबल ठरवतो, मग मिड, बेस सगळ्यात शेवटी. आणि ठरवताना नॉबवरच्या आकड्यांकडे बघत नाही.

प्रेझेन्स आणि रेझोनन्स (काही अ‍ॅम्पवर याला डेप्थ म्हणतात) या दोघांची जात वेगळी. ते पॉवर अ‍ॅम्पमध्ये बसतात. पॉवर अ‍ॅम्पच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे दिलेला असतो, ज्याने तो शिस्तीत राहतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. प्रेझेन्स वाढवणं म्हणजे वरच्या वारंवारितांपुरती ही शिस्त सैल करणं. रेझोनन्स तेच काम खाली करतो, नेमकं तिथे जिथे स्पीकर आणि कॅबिनेटचं स्वतःचं कंपन असतं, साधारण १०० हर्ट्झच्या आगेमागे. छातीवर जाणवणारा धक्का इथून येतो. आधी कापलेला बेस परत भरायची उत्तम जागा हीच. फक्त ज्या अ‍ॅम्पमध्ये फीडबॅकच नसतो, तिथे प्रेझेन्स नावाचा नॉब प्रत्यक्षात साधं वरचं कटिंग करत असू शकतो. मॅन्युअल वाचायची आळशी माणसांनीही सवय करावी अशी ही जागा आहे.

गेनचं प्रमाण लवकर उरकू, कारण उत्तर जवळजवळ नेहमी ‘कमी’ असंच असतं. एकट्याने वाजवताना गेन सोबत करतो, बँडमध्ये तोच ठोक्याची धार खातो. लोक म्हणतात तशी रेकॉर्डिंगमधली भिंत एका गिटारच्या गेनने उभी राहत नाही. ती दोन-चार वेळा वाजवलेल्या, त्यामानाने कमी गेनच्या ट्रॅकनी उभी राहते.

मिडचा मुद्दा मात्र सविस्तर. मिड खाली, बेस-ट्रेबल वर ही सेटिंग खोलीत हळू आवाजात मोहक वाटते, आणि त्यामागे आपल्या कानाची रचना आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्याला खालच्या आणि अगदी वरच्या वारंवारिता कमी ऐकू येतात. आवाज वाढला की त्या आपोआप पुढे येतात. हळू आवाजात भरपाई म्हणून वाढवलेला बेस मोठ्या आवाजात दुप्पट होतो. तिथे खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमने आधीच धरलेली असते, वरची झांजांनी. गिटारला मोकळा मिळतो तो नेमका मधला पट्टा, आणि तोच आपण कापलेला असतो. म्हणून टोन ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात ठरवावा, जमलं तर सगळे वाजत असताना. आणि कानाशी स्पीकर आणा. बारा इंची स्पीकर वरच्या वारंवारिता समोरच्या अरुंद झोतात फेकतो. कॅबिनेट घोट्यापाशी आणि आपण उभे, तर आपल्याला ऐकू येतो तो आवाज आणि समोरच्या श्रोत्यांना टोचणारा आवाज वेगळे असतात. कॅबिनेट उंचावर ठेवलं किंवा मागे कललं की पुष्कळ जण स्वतःहून ट्रेबल कमी करतात.

इथपर्यंत अ‍ॅम्पचे नॉब झाले. आता इफेक्ट्स लूप, ज्याचं अस्तित्वच ‘आधी की नंतर’ या प्रश्नावर उभं आहे. डिले गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे लावला, तर मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकत्र छाटणीत शिरतात. छाटणी मोठ्याला चेपते आणि लहानाला वर आणते, त्यामुळे विरत जायला हवे ते पडसाद मूळ सुराच्या बरोबरीने उभे राहतात. आपण पुढचा सूर वाजवला की तो आणि मागचा पडसाद यांचे बेरीज-वजाबाकीचे सूर सुरू. रिव्हर्बचं तर शेकडो पडसादांचं पीठच होतं. लूप प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी दार उघडून देतो: सेंडमधून डिस्टॉर्शन झालेला सिग्नल बाहेर येतो, पेडलमधून फिरून रिटर्नमधून पॉवर अ‍ॅम्पकडे जातो. पडसाद आता डिस्टॉर्शनचा असतो, डिस्टॉर्शन पडसादाचं नसतं.

तेव्हा डिले, रिव्हर्ब, कोरस लूपमध्ये. वाह, ओव्हरड्राइव्ह, कंप्रेसर पुढे. फेझर आणि फ्लँजर आवडीचा मामला: पुढे लावले तर डिस्टॉर्शनच्या पोतात मिसळतात, लूपमध्ये लावले तर जेट विमानासारखे वरून जातात. सोलोसाठीचा बूस्ट लोक हटकून चुकीच्या जागी लावतात. आधीच तुडुंब भरलेल्या प्रीअ‍ॅम्पपुढे बूस्ट लावून फक्त गेन वाढतो, आवाज नाही. लूपमध्ये लावलेला तोच बूस्ट गिटारला खरोखर पुढे आणतो. ईक्यू पेडलचंही तसंच. पुढे तो डिस्टॉर्शनचा स्वभाव बदलतो, लूपमध्ये अंतिम टोन.

एक अपवाद. लूप प्रीअ‍ॅम्पच्या नंतर असतो, पण पॉवर अ‍ॅम्पच्या आधी. मास्टर इतका चढवला की पॉवर ट्यूबच छाटू लागल्या, तर लूपमधला रिव्हर्बही त्या छाटणीत सापडतो. आवाज खाली घ्या, किंवा इफेक्ट स्पीकरच्या नंतर, म्हणजे माइकच्या सिग्नलवर घाला. मूळ २२०३ ला लूपच नव्हता, तेव्हा तशा अ‍ॅम्पबरोबर पुष्कळदा शेवटचाच मार्ग उरतो.

लूपमधल्या बहुतेक कटकटी लेव्हलच्या असतात. गिटारसाठी बनवलेलं, ९ व्होल्टवर चालणारं पेडल छोट्या सिग्नलची अपेक्षा धरतं. स्टुडिओतली रॅक यंत्रं अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टच्या लाइन लेव्हलला बांधलेली असतात. अ‍ॅम्पचा सेंड या दोन टोकांच्या मधे कुठेही असू शकतो, कधी वरही. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तेवढा सिग्नल कोंबला तर पेडल स्वतःच फुटतं, आणि ते डिजिटल असेल तर ती फूट कानाला फारच घाण लागते. सेंड लेव्हलचा नॉब किंवा मागे स्विच असेल तर तो खाली घ्या. नसेल तर एक युक्ती चालते: पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये चॅनेल व्हॉल्यूम लूपच्या आधी आणि सगळ्यांचा मिळून एक मास्टर लूपच्या नंतर असतो. अशा वेळी चॅनेल व्हॉल्यूम कमी ठेवून आवाज मास्टरने वाढवायचा. उलट केलंत तर पेडल गुदमरतं आणि दोष डिलेला लागतो.

लूप सिरीज आहे की पॅरलल, हे बघायलाच हवं. सिरीजमध्ये सगळा सिग्नल पेडलमधून जातो. पॅरललमध्ये, जसं मेसाच्या काही जुन्या रेक्टिफायरमध्ये होतं, मूळ सिग्नल आतून सरळ पुढे जात राहतो आणि पेडलचा त्यात मिसळतो. तिथे डिलेचा मिक्स पूर्ण ओला (फक्त पडसाद, मूळ सूर नाही) ठेवायचा, कोरडा आवाज अ‍ॅम्प देतोच. तसं केलं नाही आणि डिजिटल पेडलने कोरडा सिग्नलही १ मिलिसेकंद उशिराने परत दिला, तर दोन सारख्या सिग्नलची एकमेकांत वजाबाकी होते: ५०० हर्ट्झवर खड्डा, १५०० वर खड्डा, २५०० वर खड्डा. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. आणि पॅरललमध्ये ईक्यू, नॉइज गेट (सूर थांबला की आवाज बंद करणारं पेडल), व्हॉल्यूम पेडल यांना काही अर्थच उरत नाही, कारण मूळ सिग्नल बाजूने निसटलेला असतो.

पेडलबोर्ड पायापाशी आणि अ‍ॅम्प मागे, म्हणजे लूपच्या केबल लांब. केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. १० मीटरला झाले १०००. सेंडच्या मागे बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) असेल आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युत अडथळा) १००० ओहम असेल, तर ट्रेबल घसरायला लागते ती दीड लाख हर्ट्झच्या पुढे, म्हणजे काळजी नाही. पण लूप बिनबफरचा असेल आणि इम्पीडन्स लाख ओहमच्या घरात, तर तीच केबल १६०० हर्ट्झपासूनच धार कापू लागते. सेंडला छोटी केबल आणि लगेच बफर, हा त्यावरचा उपाय.

नॉइज गेटला एक जागा पुरत नाही. गिटारनंतर लावला तर पिकअपची घरघर थांबते, प्रीअ‍ॅम्पची सरसर तशीच. लूपमध्ये लावला तर दोन्ही थांबतात, पण डिस्टॉर्शनने सगळं एका उंचीवर आणून ठेवल्यामुळे सूर कुठे संपला आणि सरसर कुठे सुरू झाली हे गेटला कळत नाही, आणि लांब धरलेला सूर मधेच तुटतो. म्हणून बॉस एनएस-२ सारख्या, स्वतःचे सेंड-रिटर्न असलेल्या गेटला चार केबलनी जोडतात. गिटार गेटच्या इनपुटला, गेटचा सेंड अ‍ॅम्पच्या इनपुटला, अ‍ॅम्पचा सेंड गेटच्या रिटर्नला, गेटचा आउटपुट अ‍ॅम्पच्या रिटर्नला. गेट ऐकतो स्वच्छ गिटारचं आणि दार लावतो प्रीअ‍ॅम्पच्या नंतर. एवढ्या केबलनी घरघर उलट वाढलीच, तर बहुधा ग्राउंड लूप (ग्राउंडची जोडणी एकाहून जास्त वाटांनी होणं) झालेला असतो. पेडलना वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट देणारा पॉवर सप्लाय लावून बघा.

लूप काही न लावताही कामाला येतो. अ‍ॅम्पचा आवाज मधेच पडतो, खरखरतो, जाऊन येतो, आणि लोक ट्यूब बदलायला धावतात. आधी एक छोटी केबल सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावा. आवाज ठणठणीत झाला तर गुन्हेगार रिटर्नच्या जॅकमधला स्विच आहे. काही लावलेलं नसताना सिग्नल त्याच्या छोट्याशा पत्र्यातून जातो, आणि वर्षानुवर्षं न वापरल्याने त्यावर गंज चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केला की बहुतेकदा भागतं. आवाज सुधारला नाही तर दुसरा अ‍ॅम्प शोधा, त्याचा सेंड आपल्या रिटर्नला जोडा: त्रास गेला तर बिघाड आपल्या प्रीअ‍ॅम्पमध्ये, राहिला तर पॉवर अ‍ॅम्पमध्ये. हे सगळं करताना स्पीकरची केबल मात्र जागेवर हवी, कारण स्पीकरशिवाय चालवलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. त्यापुढचं काम, म्हणजे चेसिस उघडणं, तंत्रज्ञाकडे. आत ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो.